पहिल्या दळणाची कच

"टाकीऽऽ लावून घ्याऽऽ बाई, जात्याला टाकीऽऽ..."

ही हाक मी पाच-सहा वर्षांची असताना ऐकलेली. जातं गुळगुळीत झालं की पीठ भरडं पडायचं. मग वडारीण यायची, अंगणात बसून टाकीनं, म्हणजे छिन्नीनं, दगडाला नवे दात पाडून द्यायची. आता आमच्या गल्लीत जातं नाही न् हाकही नाही. पण दुपारचं जेवण झालंय, पंखा फिरतोय, छातीवर प्रुफं उघडी पडलीत, आणि डोळा लागता लागता ती हाक खिडकीखालून जाते.

प्रुफं तानूआत्याच्या ओव्यांच्या पुस्तकाची आहेत. आत्याला जाऊन दोन वर्षं झाली. पुस्तकाचं पहिलं वाक्य तिचंच: 'गळा रक्तात असावा लागतो.' उद्या सगळं छापखान्यात जायचंय आणि ते वाक्य ठेवावं की काढावं, माझं ठरत नाही. ठेवलं तर मी शिकले ते खोटं, काढलं तर आत्या खोटी. शिवाय एक ओवी अर्धीच आहे. तिची दुसरी ओळ आत्या नुसती गुणगुणायची. विचारलं की म्हणायची, "इसरले बाई."

मी कॉलेजच्या वर्गात आहे. टेबलाच्या जागी आमचं जातं. आत्या एक पाय लांब करून दळत बसलीय, पदर खोचलेला, भुवयांवर पीठ. फळ्यावर समाजशास्त्राच्या बाईंनी आखलेले दोन रकाने: 'जन्मानं मिळालेलं' आणि 'कुणीतरी शिकवलेलं'. पहिल्या दिवशी आम्ही डावा रकाना भरभरून लिहिला होता. बोली, चव, देव, गळा, मानपान. वर्ष सरता सरता त्यातलं एकेक उठून उजवीकडं गेलं. डावीकडं राहिला डोळ्यांचा रंग, केसांचं वळण, असलंच काहीबाही.

"बस की. पाहुणीवानी उभी काय ऱ्हायलीस?"

मी बसते.

"एवढी शिकलीस ती काय शिकलीस?"

"साहेब लोक एके काळी आपल्याकडं माणसांची नाकं मोजत फिरायचे, आत्या. नाकावरनं वंश ठरवायचे. कोण वरचा, कोण खालचा."

आत्या पिठाच्या बोटांनी नाक चाचपते. "आन् माझं गं?"

"बसकं. तू खालच्यांत."

"मुडदा बशिवला त्या सायबाचा!"

ती हसते आणि आम्ही एसटी स्टँडवर आहोत. जातं मध्येच. कंडक्टर त्याला वळसा घालून जातो, फलटण फलटण ओरडत. कुणाला काही वावगं वाटत नाही, मलाही नाही.

"गळा रक्तात असतो, असं छापू का?"

"मी म्हनलंय न्हवं?"

"म्हणून तर विचारते. तुला गायला कुणी शिकवलं?"

आत्या सुपातला मूठभर कोंडा जात्याच्या तोंडात सोडते. "टाकी लावल्यावर पयलं दळण खायाचं नसतं. कच लागती. म्हशीला घालायचं."

"माहीत आहे."

"कुठं म्हाईत हाय तुला!" तिचा हात थांबतो. "नव्या टाकीचं जातं वढायला जड. दोघी लागत्यात. तिचा हात येरवी आपल्या जात्याच्या खुंट्याला चालायचा न्हाई. पर ते पीठ म्हशीचं. मग कोन कशाला बोलंल? तेवढ्या दळणापुरती ती माझ्याम्होरं बसायची."

"कोण?"

खाली डांबर होतं, आता पाणी आहे. आम्ही नदीच्या खडकावर बसलोय. खुंट्याची दुसरी बाजू माझ्या हातात आहे आणि ती खरंच जड आहे.

"बोली निराळी, रंग ह्या दगडावानी. आमी म्हनायचो, त्येंचा वंशच निराळा. आन् ती गायला लागली की मला वाटायचं, माझ्याच पोटातनं येतंय."

"मग सांगितलं का नाहीस कधी?"

"वसरीवर पावनं बसल्यालं. मी आत दळताना गात हुते. आबा म्हनलं, पोरीचा गळा आमच्या रक्तातला. सगळ्यांनी माना हालवल्या. तवा मी काय तोंड उघडनार? म्होरं म्होरं मलाच ते खरं वाटाय लागलं." ती पाण्याकडं बघते. "ती तितंच अंगनात हुती गं. समदं ऐकलं तिनं. टाकीचा ठोका चुकला न्हाई तिचा."

आम्ही दोघी जातं ओढतो. दगडावर दगड घुमतो. आत्या अर्धी ओवी उचलते, तीच:

जात्याच्या तोंडामंदी काळं-गोरं एक होई

आणि आता गुणगुणणं येणार, म्हणून मी थांबते. आत्या थांबत नाही.

टाकीच्या ठोक्यावर मला शिकवी यल्लूबाई

"इसरले नव्हते," ती म्हणते. "वढ आता. हात आखडू नको."

पंखा फिरतोय. ऊन पलंगाच्या पायाशी आलंय. प्रुफं जमिनीवर पडलीत. मी उठून बसते, तोंड मिटते आणि दाताखाली काहीतरी कचकन वाजतं. दुपारी भाकरी नव्हती, आमटीभात होता. मी बोट घालून ते बाहेर काढते. बारीक, काळं, टोकदार. दगडाची कच.

ती तळहातावर ठेवते आणि रिकाम्या खोलीत ओवी मोठ्यानं म्हणते, दुसऱ्या ओळीसकट, नावासकट.