मातृभाषेचा रकाना

मराठीचं राज्य झालं, त्याच्या पुढच्या वर्षी शिरगणती आली. मी तेव्हा शिरूर तालुक्यातल्या एका गावात शिक्षिका होते, म्हणून घरोघर जाऊन माहिती भरायचं काम माझ्याकडे आलं. त्यात एक रकाना मातृभाषेचा होता. राज्यासाठीच्या मोर्चात मी घसा बसेपर्यंत ओरडले होते, त्यामुळे तिथं ‘मराठी’ लिहिताना मला फार बरं वाटायचं.

तिसऱ्या दिवशी ओढ्यापलीकडच्या वडारवस्तीत गेले. ही दगड फोडणारी माणसं. गावचे सरपंच, आप्पा, न बोलावताच माझ्यासोबत आले.

पहिल्याच पालापुढं एक म्हातारी बसली होती. मी विचारलं, “आजी, घरात काय बोलता?”

तिच्याआधी सरपंचच बोलले, “मराठी लिवा, बाई. सगळ्या वस्तीला मराठीच लिवा.”

“यांना विचारू तरी द्या.”

“इचारायचं काय त्यात? राज्य आपलं झालं. आता तालुक्यात दुसरी भाषा दिसता कामा न्हाई. वरच्या लोकांनी तसं सांगितलंय.”

मी म्हातारीजवळ खाली बसले. “आजी, नातू रडायला लागला तर त्याला कशात समजावता?”

ती हसली. “आमच्या वडरीत की. त्याला दुसरं काय कळतंय?”

मी ‘वडरी’ लिहिलं. सरपंचांचा चेहरा उतरला.

“सभेला माणसं कमी पडली, तवा ह्यांनाच ट्रकात घालून नेलं व्हतं आमी. मराठीचा जयजयकार केला ह्यांनी.”

“केला ना? मग अजून काय पाहिजे तुम्हाला त्यांच्याकडून? घरातली बोलीसुद्धा?”

“बाई, तुमी किरिस्ताव. तुमाला मराठीचं काय पडलंय?”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “आप्पा, आमच्या घरात देवाशीसुद्धा मराठीतच बोलतात. माझी मराठी मला कुणी दिली नाही आणि कुणी काढूनही घेणार नाही. पण ती दुसऱ्याच्या तोंडात मी कोंबणार नाही.”

ते तरातरा निघून गेले. मी संध्याकाळपर्यंत एकेक पाल केलं. काही जणांनी आपणहून मराठी सांगितली, तीही लिहिली.

चार दिवसांनी कचेरीतल्या साहेबांनी बोलावलं. “बाई, वडारवस्तीची तेवढी पानं नवीन करून द्या. कशाला सरपंचांशी वाकडं घेता?”

“नियमात लिहिलंय, माणूस सांगेल तेच लिहायचं. तुम्हाला बदलायचं असेल तर तुमच्या हातानं बदला आणि खाली सही करा.”

साहेबांनी पेन उचललं नाही. पानं तशीच पुण्याला गेली.

महिन्याभरात माझी बदली झाली, दौंड तालुक्यातल्या राहू गावी. ट्रंक घेऊन हजर झाले, तेव्हा तिथल्या हेडमास्तरांनी विचारलं, “वर्षाच्या मधेच बदली? काय केलंत हो बाई?”

“एका म्हातारीनं सांगितलं ते लिहिलं,” मी म्हणाले, “आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा लिहीन. माझा वर्ग कुठला?”