किती वाजता उचलणार

आमच्या सीमाभागात ‘उचलणे’ हा शब्द जपून वापरतात. घागर उचलतात, पोतं उचलतात, सोसायटीतून कर्ज उचलतात. बाळ मात्र उचलत नाहीत, घेतात. आजाऱ्याला धरतात, म्हाताऱ्याला हात देतात. माणूस उचलतात तो एकदाच. गावाकडून कुणी गेल्याचा फोन आला की ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती वाजता उचलणार?" बस पकडायची की नाही हे त्यावर ठरतं. मला बेंगळुरात येऊन अर्धं आयुष्य झालं, कानडीत भांडायला शिकलो, पण या शब्दाची धास्ती काही गेली नाही.

आईची तर मुळीच नाही. गेल्या वर्षी तिला इस्पितळात ठेवावं लागलं. तिथे दोन वॉर्डबॉयनी न विचारता तिला स्ट्रेचरवरून उचललं आणि कॉटवर ठेवलं.  घरी आल्यावर मला समोर बसवून म्हणाली, "आता मला परत उचलतील ते शेवटचंच. तवर कुणी हात लावायचा न्हाई." गुडघे गेले होते, दोन खोल्या चालली की धाप लागायची, हट्ट मात्र शाबूत होता. घरात आम्ही दोघंच. मी लग्न केलं नाही आणि आईने त्याबद्दल मला अजून माफ केलेलं नाही, त्यामुळे माझ्याकडून ती हट्ट वसूल करते.

देवनहळ्ळीच्या पलीकडे आमचा जमिनीचा एक तुकडा आहे. वडील गेल्यावर तिच्याच आग्रहाने घेतलेला. तिथला शेवगा तिने गॅलरीत डब्यांतून वाढवून पाठवला होता. इस्पितळातून आल्यापासून तिला एकच लागलं होतं. "एकदा माझ्या पायानं जाऊन शेवगा बघून येते. मग काय व्हायचं ते होऊ दे." डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, न्यायचं तर लवकर न्या.

आता अडचण अशी की त्या जमिनीकडे जाणारा रस्ता प्लॉट पाडणाऱ्या लेआउटवाल्यांनी फोडून ठेवला होता. खडक उघडे पडलेले, मधेच खोल चाकोऱ्या. माझा जुना डबल केबिनचा पिकअप प्रत्येक खेपेला पोट घासत जायचा. एकदा तर खडकावर असा बसला की मागची चाकं हवेत फिरत राहिली. गाडी उंच करणं भाग होतं. पण गाडी जितकी उंच, तितकं आईला चढणं अवघड. आणि उचलून बसवायची सोय तिने स्वतःच बंद करून ठेवली होती. सस्पेन्शन लिफ्ट, म्हणजे गाडीची वाढीव उंची, किती घ्यायची, टायर किती मोठे घालायचे, यावर लोक इंटरनेटवर रात्रंदिवस वाद घालतात. त्यांच्यातल्या कुणाला आमच्यासारखा प्रश्न पडला असेल असं वाटत नाही.

यशवंतपूरला गोदामांच्या मागे एक मिस्त्री होता. बोलका, आणि गिऱ्हाइकाचं मन मोठं करण्यात पटाईत. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "एष्टु एत्तबेकु, सार?" म्हणजे किती उचलायची.

"स्वल्प," मी म्हटलं.

त्याचा चेहरा पडला. चार इंच घ्या म्हणाला. पुढे नव्या स्प्रिंगा, मागे नवे कमानपाटे, लांब शॉक, आणि वर रुंद, दातेरी टायर. मोबाइलवर त्याने अशा गाड्यांचे फोटो दाखवले. त्या उभ्या होत्या रस्त्यावर, पण रस्त्याच्या वाटत नव्हत्या. मी पण काही साधू नाही, चार इंचांचा मोह मलाही झाला. मग त्यानेच खालच्या आवाजात तोटे सांगितले. उंच गाडी वळणावर कलते, मोठ्या टायरने ब्रेक लांब लागतो, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आत घासतो. दोन इंच केलं तर पुढे स्प्रिंगवर स्पेसरची जाड चकती आणि मागे एक जादा पाटा टाकून भागेल, टायर एक नंबर मोठा. मी विचार करून सांगतो म्हटलं.

घरी येऊन मी आईला सगळं समजावलं. ती म्हणाली, "दाखव किती ते." आमच्याकडे गावाहून आणलेले जेवायचे पाट आहेत. आत्ताच्या पायदानाच्या उंचीइतके मी एकावर एक रचले, मग दोन इंचांसाठी वर एक ठेवला, मग चारसाठी आणखी एक हातात घेतला. आत्ताच्या उंचीवर ती भिंतीला धरून चढली होती. दोन इंच वाढल्यावर चढताना तिचे ओठ निळसर झाले, पण चढली. चार इंचांचा पाट मी परत ठेवून दिला.

त्यानंतर दुपारी केव्हाही घरी आलो की दाराबाहेरूनच आवाज ऐकू यायचा. लाकडावर पाय ठेवल्याचा, मग बराच वेळ काही नाही, मग पाय काढल्याचा. आत गेलो की पाट भिंतीला लावलेले आणि आई पलंगावर डोळे मिटून. मी विचारलं तर म्हणायची, "कसला आवाज? मी झोपले होते की." एकदा मी मुद्दाम आत न जाता पायरीवरच उभा राहिलो. तो आवाज कुणी चालत असल्याचा वाटत नव्हता. कुणीतरी निघायचा सराव करत होतं. मला भीती वाटली आणि मी कोपऱ्यावर जाऊन चहा पिऊन आलो.

शेवटी गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याचा अजून चारचा हेका चालू होता. बाजूला ग्राइंडर किंचाळत होता आणि तेवढ्यात अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, निपाणीला असते. तिने विचारलं, "कशी हाय?"

माझ्या डोक्यात गाडी. मी म्हटलं, "आणलीय इथं. आज रात्रभर इथंच ठेवतो. उद्या सकाळी उचलणार."

पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली. मी मोठ्याने सांगितलं, "चार लागतात म्हणतोय हा. मी म्हटलं, दोनच पुरेत." मग फोन कटला.

गाडी स्त्रीलिंगी, आई पण स्त्रीलिंगी. आपल्या भाषेत नाव न घेता चौकशी करता येते, आणि नाव न घेता उत्तरही देता येतं. मी फोन गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला, तो तिथेच राहिला, आणि मी मेट्रोने घरी आलो. फोन नाही म्हणून उलट निवांत वाटलं. आईचा फोन नेहमीसारखा बंद करून रुमालात गुंडाळलेला. तिकडे अक्का रात्रीची बस पकडून वाटभर फोन लावत होती. कुणी उचलत नाही म्हटल्यावर तिची खात्रीच पटली.

सकाळी आई दाराशी खुर्ची टाकून मेथी निवडत बसली होती. मी आत होतो. रिक्षा थांबली आणि कुणीतरी रडत फाटकातून आत आलं. ते रडणं एकदम तुटलं. मी बाहेर आलो तर अक्का पायरीखाली उभी. केस मोकळे, हातात पिशवी, तोंड उघडं. आणि तिच्यासमोर आई, हातात मेथीची काडी.

आईने तिला नीट बघितलं आणि विचारलं, "कोण गेलं गं?"

अक्काने पिशवी खाली टाकली. ती आईकडे ज्या नजरेने बघत होती ती नजर मला अजून आठवते. आनंद नव्हता तिच्यात. आपण रडून मोकळं केलेलं माणूस पुन्हा समोर बसलेलं कसं, असं काहीतरी होतं. मग ती खाली बसली आणि आईचे पाय चाचपायला लागली. हळूहळू उलगडा झाला. अक्का मला म्हणाली, "दोनच पुरेत म्हणालास. मला वाटलं, दुःखानं तुझं डोकं फिरलंय. दोघंजण कसं न्हेतील?"

आई हसली, तिला धाप लागेपर्यंत हसली. आमच्याकडे अंगाला कावळा लागला तर ते मरणाचं लक्षण मानून मुद्दाम नातेवाइकांना मेल्याची खोटी बातमी धाडतात. लोक रडतात आणि मरण टळतं. अक्का म्हणाली, "म्हंजे तुझं आयुष्य वाढलं बघ." पण तोवर बातमी गावभर झाली होती. आईने एकेकाला फोन लावायला सांगितला आणि खोदून खोदून विचारलं. कोण रडलं, कुणाच्या चुलीवरचं उतरवलं, कुणी आंघोळ केली. लोक तिच्याशी बोलत होते, पण हळू आवाजात, जपून. तिचा चुलतभाऊ तर फोनवर आलाच नाही. त्याच्या सुनेने निरोप सांगितला, "मामंजी म्हणतात, एकदा आंघोळ केली ती केली. आता काय बोलायचं?"

"त्याच्या लेखी मी गेले," आई म्हणाली आणि पुन्हा हसायला लागली. मग मधेच थांबली. फोन माझ्या हातात देऊन म्हणाली, "बंद कर." त्या दिवसापासून ती पाटांचा सराव करेनाशी झाली. ती दुपारची शांतता मला त्या आवाजापेक्षा वाईट वाटली.

दोनच इंच केलं. टायर एक नंबर मोठे. मिस्त्रीने "सरी, सार", म्हणजे ठीक आहे, म्हणत खाली आणखी एक लोखंडी पायदान जोडून दिलं आणि आत धरायला कडं. अक्का गावी परतल्यावर एका सकाळी मी गाडी फाटकाशी लावली. आई नऊवारी नेसून आली. एक हात कड्याला, एक पाय पायदानावर. मी मागे हात पसरून उभा, पण न लावता. ती तशीच थांबली. शेजारची बाई कचरा टाकायला आली होती, तीही थांबली. मग आई चढली. सीटवर टेकून तिने माझ्याकडे असं बघितलं की मला रडू आलं.

हेब्बाळच्या पुढे रस्ता मोकळा झाला. नवे टायर डांबरावर एकसारखा घुमारा धरत होते, दूर कुठेतरी बायका एका सुरात रडाव्यात तसा. मी काच वर करायला सांगितली, आई नको म्हणाली. ती खाली बघत होती. दुचाकीवाले, भाजीवाले, बसस्टॉपवर उभी माणसं, सगळ्यांची डोकी आमच्या खाली. काहीजण वर बघायचे आणि नजर काढून घ्यायचे.

"खांद्यावरनं असंच दिसत असंल," आई म्हणाली.

"कुणाच्या खांद्यावरनं?" मी मूर्खासारखं विचारलं. ती खालच्या डोक्यांकडेच बघत राहिली, आणि मग मला तिरडी आठवली. त्यानंतर मी गाडी हळू चालवली. का ते मला सांगता येणार नाही, पण वेगाने नेणं बरं वाटेना.

फुटक्या रस्त्यावर पोट एकदाही घासलं नाही. शेवग्यापासून थोड्या अंतरावर मी गाडी थांबवली, कारण पुढे नुसता चिखल होता. दार उघडलं. आईने पाय खाली सोडला आणि मग मला कळलं की आम्ही सगळं मोजलं होतं, फक्त चढण्याचं. उतरण्याचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. चढताना पायदान दिसतं. उतरताना ते आपल्याखाली असतं आणि पाय त्याला शोधत हवेत फिरतो. जमीनही तिथे उतरती होती. मी बरोबर आणलेला पाट खाली लावला, तो डुगडुगला. दगड लावला, तरी डुगडुगला. आईचा पाय तसाच लोंबत होता. ती पुढे शेवग्याकडे बघत होती. झाड चांगलं वाढलं होतं, पांढरा फुलोरा आला होता आणि वारा नसताना त्यातली फुलं गळत होती.

"गाडी फिरवून बांधाला लावतो," मी म्हटलं. "तिथं जमीन वर हाय. जमेल तुला."

"नको," ती म्हणाली.  वरून एक विमान उतरत गेलं, त्याचा आवाज विरल्यावर तिने कडं सोडलं आणि दोन्ही हात माझ्याकडे केले.

"उचल," ती म्हणाली.

"आई, नको. मी फिरवतो गाडी."

"उचल म्हणते की."

मी उचललं. ती इतकी हलकी होती की माझा तोल गेला, कारण मी जड धरून जोर लावला होता. तिने माझ्या गळ्यात हात टाकले. मी तिला चिखलातून शेवग्यापर्यंत नेलं आणि खाली ठेवायचं धाडस होईना, तसाच उभा राहिलो. तिने हात लांबवून खोडाला लावला. मग माझ्या कानाशी, अगदी साध्या आवाजात, तिने विचारलं, "किती वाजले रे?"

घड्याळ माझ्या मनगटावर होतं, तिच्या पाठीमागे. मी ते बघितलं नाही.