सासूसमोर विचारलेला प्रश्न

बेगिमाय हिवाळ्याच्या सुट्टीत गावी आली ती संशोधन घेऊनच. नारिन शहरातल्या कॉलेजात ती तिसऱ्या वर्षाला होती. तिच्या मार्गदर्शक सायरा एजे, म्हणजे सायराताई, म्हणाल्या होत्या, "विषय तू निवड, माणसंही तूच गाठ. काम नीट झालं तर वसंतात बिश्केकच्या संमेलनात तूच वाचायचंस." आमच्या गावची माणसं राजधानीला, बिश्केकला जातात ती कामधंद्याला, नाहीतर दवाखान्यात. चार शहाण्यांपुढे उभं राहून बोलायला अजून कुणी गेलं नव्हतं. पोरीने ते फार मनावर घेतलं.

विषय तिने घरातलाच धरला. लोकर दाबून केलेल्या नमद्यावर नक्षी कापून शिवलेली शिरदाक कुणाच्या घरात अंथरलेली नसते? पण ती शिवणारीच्या हातात कला येते कुठून, माहेरून की सासरी आल्यावर?

पहिल्यांदा ती गेली गावातल्या बुरुल आपांकडे. आपा मानाच्या जागी बसलेल्या, त्यांची सून जिपार खाली चहापाशी. जिपार अर्धी अर्धी वाटी भरून देत होती, कारण पाहुण्याच्या हातात काठोकाठ वाटी दिली तर त्याने समजावं, आता उठायचं. रोटी मोडून झाली, साय चाखून झाली, तेव्हा बेगिमायने विषय काढला.

"जिपार वहिनी, शिरदाक शिवायला कुणाकडून शिकलात?"

"आपांकडून," जिपार वाटीकडे बघतच म्हणाली. बुरुल आपांची मान संथपणे डोलली.

पुढच्या घरीही सासूकडूनच. त्याच्या पुढच्याही. घरं बदलली, उत्तर काही बदललं नाही. बेगिमायला वाटलं, अल्लाची कृपा, सगळं कसं एका सुरात जुळून आलं! ती नाचतच नारिनला परतली.

सायरा एजे वाचता वाचता इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"अगं, इतक्या बायका काय एकाच साच्यातून काढल्या देवाने?"

"पण एजे, त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं!"

"तेव्हा सासू कुठे होती?"

"तिथेच. मानाच्या जागी."

"मग तू सून असतीस तर काय सांगितलं असतंस?"

बेगिमायचे कान तापले.

"पुन्हा जा," एजे म्हणाल्या. "जमलं नाही तर संमेलनाला दुसऱ्या कुणाचं नाव द्यावं लागेल. आणि हे कागद फाडू नकोस. चुकलेलं कामही जपून ठेवावं."

बेगिमाय पुन्हा गावात. आता तिने सुनांना एकेकटं गाठायचं ठरवलं. जिपारला तिने पाणवठ्यावर धरलं, तेवढ्यात बुरुल आपा कुंपणावरून कडाडल्या, "काय गं, माझ्या सुनेला फितवतेस होय?" झाली ती वाटही बंद!

दुसऱ्या दिवशी आपांकडेच शेजारणी शिवायला जमल्या होत्या. बेगिमायही सुई घेऊन बसली. विचारायचं काय ते तिला सुचेना. शेवटी नुसतं बोलायचं म्हणून ती म्हणाली, "आपा, तुम्ही हो कुणाकडून शिकलात?"

आपांनी सुई नमद्यात खोचली, दोन्ही तळवे उघडले. "अल्ला माझ्या सासूला जन्नत देवो." सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले, आमीन म्हटलं. मग आपा पुढे सरसावल्या.

"आता खरं सांगू? त्या माउलीला सुईत दोरा ओवता येत नव्हता! मी माझ्या आईकडून शिकून आले म्हणून या घरात जमीन झाकली गेली."

"अगं बये!" शेजारच्या काकू ओरडल्या. "जन्मभर तर सासूचं नाव सांगत आलीस!"

"मग काय करणार? ती समोर बसलेली असायची ना!"

हसता हसता एकीच्या मांडीवरची लोकर घरंगळली. जिपारने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावलं.

"तू काय हसतेस गं? तूही माझंच नाव सांगितलंस ना?"

"आपा..." जिपार चाचरली, मग एका दमात म्हणाली, "मेंढ्याच्या शिंगांची नक्षी माझ्या आईची. रंग मात्र तुमच्याकडून शिकले. आमच्या माहेरचा रंग पहिल्या पाण्यातच उतरायचा."

"बघा! रंग माझा!" आपा खूश. "लिही गं पोरी, ठसठशीत लिही!"

मग काय, घरोघरच्या आज्या बोलत्या झाल्या आणि त्यांच्यामागून सुनाही. बेगिमायने घरात कागदांचे ढीग मांडले. सासूसमोर सांगितलेलं एकीकडे, हसण्यानंतर सांगितलेलं दुसरीकडे, आज्यांचं तिसरीकडे. आई पाय उचलून उचलून चालायची. "संशोधन राहू दे, मला चुलीपर्यंत तरी पोचू दे!"

नारिनला सायरा एजेंनी सगळं वाचलं. या वेळी हसल्या नाहीत. "सासूने हसून मोकळीक दिली, म्हणून सुना पुन्हा तिला आवडेल तेच बोलल्या नसतील कशावरून?"

"बोलल्या असतील," बेगिमाय म्हणाली. "म्हणून मी जमलं तिथे त्यांच्या माहेरी जाऊन शिरदाकी बघितल्या. नक्षी जुळली नाही तिथे 'कळलं नाही' असंच लिहिलंय."

एजेंनी पेन उचललं आणि संमेलनाच्या यादीत तिचं नाव घातलं.

बेगिमायने जिन्यातूनच आईला फोन लावला, आणि आईकडून तो थेट तिच्याकडे चहाला बसलेल्या बुरुल आपांच्या हाती गेला.

"जा बाळा, अल्ला तुझा रस्ता मोकळा ठेवो," आपा म्हणाल्या. मग घुटमळल्या. "ऐक गं. माझ्या सासूला काही येत नव्हतं, एवढंच वाचू नकोस तिथे. माझी सगळी पोरं तिने अंगाखांद्यावर वाढवली, म्हणून तर मला शिवायला बसता आलं."

"आपा, हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठे?"

बेगिमाय तिथेच पायरीवर बसली. पिशवीतून कोरा कागद काढत म्हणाली, "आता विचारते. सांगा."