लगीन नसलेला चौक

पेठच्या डोंगरातल्या कलाबाईने पन्नासेक लग्नांचे चौक काढले असतील. वारल्यांच्या घरी लग्न ठरलं की सवाष्णी सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक काढतात. नवरा गेला, त्या दिवसापासून तिने हात आवरला.

२००४ साली भाची पल्लवी तिला नाशिक दाखवायला घेऊन आली. पांडवलेणी झाली, मग एक चित्रांचं दालन. तिथे काचेआड देवीचा चौक! कलाबाईने झटकन चपला काढल्या. बाकीची मंडळी बुटांसकट उभी. एक बाप्या तर काचेला पाठ टेकून वेफर्स खात होता. तिला शिसारीच आली.

"कुनाचं लगीन हाय?" तिने दालनाच्या मालकाला विचारलं.

"लग्न कसलं? हॉटेलवाले नेतात. कुणी जेवणघरात लावतं, कुणी बाथरूमबाहेर."

"आमची मावशी चौक काढायची," पल्लवी कौतुकाने म्हणाली.

मालक खुलला. "मग इथे बसून काढा की! रोज एक."

"रोज कुनाचं लगीन लावता? अन् माझा धनी गेलाय. मला चालत नाय."

"चालतंय हो मावशी, इथे कोण बघतंय?"

कलाबाईने काचेआडच्या देवीकडे बोट केलं.

"ही."