नाडी बघून छापलेली बातमी

आमच्या उस्मानाबादेत त्या काळी कलेक्टरांच्या सहीवाचून एखादं काम निघून जाई, पण माझ्या मावससासूबाईंनी नाडी बघितल्याशिवाय बातमी छापून येत नसे. तुम्हाला ही थाप वाटेल. पण माझं साप्ताहिक ज्या छापखान्यात निघे तिथले खिळे जुळवणारे जुळारी चाचा अजून हयात आहेत, त्यांना विचारा. सगळीच बातमी नव्हे हो. कारखान्याच्या निवडणुका, टँकर, सोसायटीतली भांडणं यांच्याशी मावशींना काही कर्तव्य नव्हतं. पण कुणा पोरापोरीच्या मनाच्या दुखण्याची बातमी असली, की सरकारी दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेली ही बाई नऊवारीवर छातीशी टाचलेलं नर्सचं घड्याळ सावरत छापखान्यात हजर व्हायची, आणि लिहिणाऱ्याचं मनगट धरायची.

"जावईबापू, नाडी पळतीय तुमची. आज लिहायचं न्हाय," हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल कुणास ठाऊक. जावयाला मान द्यायचा असतो हे त्यांना पक्कं माहीत होतं, म्हणून मला त्या अहोजाहो करूनच झापायच्या. नाडी पळत असलेल्या माणसानं इंजेक्शन देऊ नये आणि बातमीही लिहू नये, असा त्यांचा सिद्धांत होता. एका दैनिकाचा बातमीदार दहावी नापास झाला म्हणून जीव दिलेल्या पोराच्या घरून आला, तेव्हा त्याला त्यांनी आधी भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली. "जेवलास का, झोपलास का," एवढंच विचारलं, तर तो गडी घास हातात धरून रडायला लागला. त्याला रडू दिलं आणि मग त्याच्या कागदावर बोट ठेवलं. "कुठं आन कसं, ते काढ. त्याच्याच वयाचं दुसरं पोरगं खचलं असंल, तर त्यानं जाऊन कुणापशी बोलावं, ते घाल." तो रडत रडत लिहीत होता आणि बाई त्याच्या ताटात तिसरी भाकरी टाकत होती.

त्यांचे नियम दोन. पहिला, नाव छापायचं नाही. दुसरा, ज्याची बातमी त्याला, तो नसेल तर त्याच्या घरच्यांना, आधी वाचून दाखवायची. मी एकदा म्हटलं, मावशी, असं केलं तर पेपर कधी निघायचा? तर म्हणाल्या, "तुमचा पेपर वाचतंय कोण, जावईबापू? लोक ऐकतात." यात अपमान होता, पण खोटं काहीच नव्हतं. गावात एकजण मोठ्यानं वाचायचा आणि पारभर माणसं ऐकायची, आणि ज्याच्याबद्दल छापलंय तोही तिथंच कुठंतरी मान खाली घालून बसलेला असायचा.

या दोन नियमांची एकमेकांशी गाठ पडली ती ढोकीच्या एका मुलीमुळं. वडील साखर कारखान्यात मजूर, मुलगी उस्मानाबादच्या वसतिगृहात राहून डी.एड. करणारी. आमच्या बौद्ध समाजात इतकं शिकलेली माणसं तेव्हा थोडीच, त्यामुळं मावशींचा तिच्यावर भारी जीव. दुष्काळातल्या कुठल्याशा महिन्यात ती जेवेना, बोलेना, उठेना. सोलापूरच्या डॉक्टरांचं औषध सुरू झालं आणि ती हळूहळू सावरली. पण वसतिगृहात 'वेड लागलं' एवढंच पोहोचलं होतं. तिला परत घ्यायचं का नाही, हे सोमवारी ठरणार होतं आणि आमचा अंक त्याच्या आधीच्या शनिवारी निघणार होता.

मी तिची बातमी लिहिली, आणि ती तिला वाचून दाखवायला मावशींनी मला एसटीत घातलं आणि ढोकीला नेलं. घरभर कारखान्याच्या मळीचा वास होता. वडिलांनी अर्धे अर्धे पेले पाणी दिलं, टँकर आला नव्हता. मी वाचायला सुरुवात केली, "डी.एड.चं शिक्षण घेणारी एक तरुणी..."

"दादा, एक तरुणी म्हंजे कोण?" मुलीनं मधेच विचारलं. "वसतिगृहात समद्यांला ठावं हाय. नाव लपवलं तर म्या कायतरी वंगाळ केलं असंच वाटंल त्यांला. नाव घाला. आजारी हुते, औषध चालू हाय, आन म्या परत येनार हाय, एवढं लिव्हा."

वडील कसेबसे म्हणाले, "सोयरिकीचं काय व्हईल, बाय?"

"आबा, आधी डी.एड."

वर्षानुवर्षं जपलेला पहिला नियम दुसऱ्या नियमानं असा मोडीत काढला होता. त्यांनी मुलीचं मनगट धरलं, घड्याळाकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. मग मला म्हणाल्या, "हिची नाडी तुमच्यापरीस बरी हाय. छापा."

परतताना एसटीत मी हळूच त्यांचंच मनगट धरलं. नाडी नुसती धावत होती.

"मावशी, तुमची पळतीय की."

"पळू द्या. म्या काय लिहिनार हाय का," असं म्हणून त्यांनी हात काढून घेतला आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

शनिवारी अंक निघाला. चाचांच्या हातातून ओली प्रत ओढून मावशी ढोकीहून आलेल्या त्या मुलीसह थेट वसतिगृहात गेल्या. रेक्टरबाई आणि सगळ्या मुली जेवायला बसलेल्या. मावशींनी उभ्या उभ्या ती बातमी नावासकट मोठ्यानं वाचली. ज्यांच्या कानांवर ती जायला हवी होती, ते कान तिथंच होते. वाचून झालं. मग एक मुलगी खरकट्या हातानंच उठली, आत गेली आणि हिच्या रिकाम्या खाटेवर ठेवलेली आपली ट्रंक खाली उतरवली. रेक्टरबाई म्हणाल्या, "खाट पुसून घ्या गं." सोमवारी ठरवायला काही उरलंच नाही. मला त्या दिवशी मावशींचा फार अभिमान वाटला.

पुढं मावशी थकल्या, छापखान्यात येणं सुटलं. अशी एखादी बातमी हातात आली, की मीच त्यांच्याकडं जायचो. शेवटी शेवटी त्यांना बातमी नीट ऐकूही येत नसे. तरी मी वाचायचो, आणि वाचून झालं की हात पुढं करायचो. छातीवरचं घड्याळ कधीच बंद पडलं होतं, ते त्यांनाही ठाऊक होतं. तरी त्याच्याकडं बघत त्या माझं मनगट धरून ठेवायच्या.

"जरा पळतीय, जावईबापू," म्हणायच्या. "बसा थोडं."

मी बसायचो.