कुर्माघराच्या दारात

मंगलीला कोणी भित्री म्हणत असेल तर त्याने जीभ सांभाळावी. आश्रमशाळेत दीडशे पोरांचा भात रांधणारी, एटापल्लीच्या बाजारात चारोळीच्या व्यापाऱ्याला घाम फोडणारी बाई ती. पण त्या सकाळी एक साधं वाक्य बोलायला ती लाजली.

तिची सोळा वर्षांची दीपिका तीन दिवस कुर्माघरात होती. गावाच्या टोकाची ही झोपडी. बायका पाळीचे दिवस तिथे काढतात, पुरुष तिकडे फिरकतही नाहीत. मंगलीने भाताची थाळी रिवाजाप्रमाणे दाराबाहेर ठेवली आणि हाक न मारता वळली. गस्तीवरच्या तुकडीने नेमकं तेवढंच पाहिलं. जंगलाकडेला एकटी झोपडी आणि गुपचूप ठेवलेलं जेवण. दूर राजस्थानातून आलेल्या त्या जवानांना आत नक्षली लपलेत याशिवाय दुसरं काय सुचणार? डोकं चाललं त्यांचं, पण भलतीकडेच.

"अंदर कौन है?" हवालदाराने विचारलं. पाच बंदुका दाराकडे वळल्या.

"माही पोरगी हाय."

"तो खाना बाहर क्यों रखा?"

परक्या बाप्यांना हे कसं सांगायचं? नवऱ्याला, लालसूलासुद्धा तिने हे कधी तोंडाने सांगितलं नव्हतं. तिचे कान तापले. जवान पुढे सरकले. फौज दिसली की जंगलात पळायचं, हे तिनेच पोरीला लहानपणापासून शिकवलं होतं. झोपडीच्या मागचा कूड मोडका होता.

"साहेब, थांबा. ते पळन. गोळी नका मारू."

"भागेगी क्यों?" हवालदाराचा संशय आणखी पक्का झाला. मागून कूड करकरला. त्याने बंदूक तिकडे रोखली.

कुर्माघरातल्या बाईला शिवलं की आपणही तिथेच राहायचं, असा गावाचा नियम. मंगलीने तो मानला नाही. ती आत धावली, अर्धवट बाहेर पडलेल्या दीपिकाला कमरेला धरून ओढलं आणि दारात येऊन तिच्यापुढे उभी राहिली.

"पाळी आली हाय पोरीले. मून इथी हाय. तुमच्या घरी बहिणी नाई का?"

हवालदाराचा चेहरा उतरला. त्याने बंदूक खाली केली आणि सगळ्यांना पाठ फिरवायला लावली.

"पहले बोलना था, अम्मा," तो पाठमोराच म्हणाला. "मैं तो गोली चलाने ही वाला था."

मंगलीला त्याचा भयंकर राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त. जवान नाल्यापलीकडे गेले तरी पोरीला धरलेले तिचे हात सुटेनात.

"माय, तू मले शिवली," दीपिका रडत म्हणाली.

"शिवली," मंगली म्हणाली आणि पोरीला घेऊन खाली बसली.