खेळ बंद, कामं चालू

त्या अंधारलेल्या खोलीत यंत्रातून येणारा तो ध्वनी अजून माझ्या कानांत आहे. पाटाचं पाणी सरीत शिरताना होतो ना, तसा एक लयबद्ध, ओलसर खळाळ. रेश्माचं हृदय बोलत होतं! पडद्याच्या अलीकडे मी, तिची कॉलेजातली खेळशिक्षिका, उभी होते. खरं सांगते, आयुष्यभर शर्यतींच्या शिट्ट्या फुंकल्या, पण असा श्वास कधी रोखून धरला नव्हता.

रेश्मा घाटघरची, लांब पल्ल्याची धावपटू. श्रावणात व्हायरल तापानं पडली, ताप उतरताच मैदानावर हजर झाली आणि पहिल्याच फेरीत छाती धरून खाली बसली. तपासणीत हृदयाच्या स्नायूला सूज निघाली. डॉक्टरांनी बजावलं, तीन महिने खेळ बंद. अशात धावणं जिवावर बेतेल. मग काय विचारता! मी तिला मैदानाच्या कडेलाही फिरकू दिलं नाही, आणि आपण एक पोर राखली या समाधानात माझे ते दिवस किती निर्धास्त गेले!

फेरतपासणीला आठ दिवस उरले, तेव्हा तारीख सांगायच्या निमित्तानं घाटघरला गेले. कार्तिकातलं कोवळं ऊन, कापलेल्या खाचरांचा गोडसर गंध, दरीतून अलगद वर येणारं धुकं. चित्तवृत्ती कशा प्रसन्न झाल्या होत्या. तेवढ्यात चढणीवरून भाताचा एक थोरला भारा चालत आला. भाऱ्याखाली रेश्मा! "अगं, तुला विश्रांती सांगितली होती ना?" मी ओरडलेच. ती गोंधळून म्हणाली, "मॅडम, खेळ बंदच हाय की. एक दिस पळाले न्हाई. ही तर घरची कामं."

तिचं काय चुकलं हो? मैदानावर गाळलेल्या घामाला आपण व्यायाम म्हणतो, त्याचे चषक मिरवतो. बांधावरच्या घामाला साधं नावही देत नाही. मी स्वतः निमगाव साव्याची, कांद्याच्या गोणी उचलत वाढलेली. मला तरी हे विचारायचं सुचावं की नाही? स्वतःचाच असा संताप आला, की ते आठ दिवस घास गोड लागला नाही.

डॉक्टरांनी पडदा सारला. सूज पूर्ण ओसरली होती, बाकीच्या तपासण्याही निर्दोष. देव पावला! मी भाऱ्यांचंही सांगून टाकलं. ते "नशीब थोर पोरीचं" म्हणाले, आणि हळूहळू धावायला लागण्याच्या सूचनांखाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली: तूर्त ओझं उचलायचं नाही.

बाहेर बाकावर रेश्माची आई बसली होती. ऐकताच तिचे डोळे भरून आले. "तुमी सांगून गेल्यापास्नं हिला हात लावू दिला न्हाई, समदे भारे मीच वाह्यले," असं हसत म्हणत ती उठली आणि उठता उठताच धापेनं पुन्हा खाली बसली. असं कधीपासून होतंय, मी विचारलं. "झाली की दोन सालं," ती सहज म्हणाली. रेश्मानं आईचा दंड धरला आणि तिला डॉक्टरांच्या दाराकडे वळवलं.

"आगं, मला कशाला?" माउली दारातच अडून बसली. "मी काय पळाया जातीय व्हय?"

आम्ही दोघी खळखळून हसलो, पण तिचा हात काही सोडला नाही.